तारमास्तरांचा कान

विमान खाली उतरायला लागलं की माझा हात आपोआप नाकाकडं जातो. तोंड मिटायचं, नाकपुड्या दोन बोटांत धरायच्या आणि आतल्या आत हळूच फुंकायचं. कानात टक् होतं आणि बुजलेले आवाज पुन्हा मोकळे होतात. एकदा शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी विचारलं, "डॉक्टरांनी शिकवलं का हो हे?" मी म्हणालो, "नाही, चुडाव्याच्या तारमास्तरांनी." त्यांना चुडावा ठाऊक नव्हतं, आणि तारमास्तर म्हणजे कोण हेही सांगावं लागलं असतं. तो उरलेला प्रवास मी त्या तारमास्तरांबरोबर, अंबादासरावांबरोबरच केला.

पूर्णा आणि नांदेडच्या मध्ये चुडावा हे लहानसं स्टेशन. निजामाच्या राज्याची शेवटची काही वर्षं मी तिथं तिकीटबाबू होतो. राणीसावरगावच्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीपुढं गेलेलं नव्हतं. वडिलांनी आणि थोरल्या भावानं शेतात राबून मला हैदराबादला शिकवलं, मी बी.ए. झालो आणि पहिली मिळाली ती नोकरी धरली. हजर झालो त्या दिवशी तारेच्या टेबलाशी एक किरकोळ बांध्याचे, पन्नाशीचे गृहस्थ बसले होते. डोळे मिटलेले, डावा कान यंत्राकडं कललेला, आणि हातातली पेन्सिल मात्र कागदावर चाललेली. मला वाटलं, हे झोपेतच लिहितायत. यंत्राची कट्ट-कड थांबली तसे त्यांनी डोळे उघडले.

"नवे बी.ए. तुम्हीच का? या. दार तेवढं हळू लावत जा."

त्या दिवसापासून त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. आमच्या गावात कुणी 'काय बी.ए.' म्हणालं की मला टोमणा वाटायचा. अंबादासरावांनी म्हटलं की वाटायचं, आपण खरंच काहीतरी मिळवलंय.

तारेचं काम सगळं कानाचं. पितळेच्या त्या यंत्राची पट्टी वर-खाली आपटायची. दोन आपटण्यांमधली वेळ लांब की आखूड यावरून अक्षर ओळखायचं, अक्षरांचा शब्द करायचा, आणि तो लिहीत असतानाच पुढचा ऐकायचा. एवढ्यात बाहेरून मालगाडी जायची, इंजिन शिट्टी मारायचं, बाजारची माणसं तिकिटासाठी खिडकीशी गलका करायची. अंबादासरावांचा डावा कान त्या सगळ्या गोंगाटातून पितळेचा आवाज तेवढा वेचून घ्यायचा. म्हणून ते त्या कानाला डोळ्यांपेक्षा जपत. बारा महिने गळ्यात मफलर, गाडी आली की तो कानावर. लक्ष्मीपूजनाला गावात फटाके सुरू व्हायच्या आत ते नदीच्या वाटेनं चालायला निघून जात. कुणी कानाशी येऊन मोठ्यानं बोललं तर रागावत नसत, दोन पावलं मागं सरत आणि म्हणत, "कान हा सरकारी आहे, बरं का. वापरायला परवानगी लागते."

रुळांचे सांधे बदलणारा आमचा सांधेवाला खंडू त्यांची फार थट्टा करी. "मास्तरांचा कान म्हंजी नवी नवरी हाय. कवाबी बघा, पदराखालीच."

"नवरी नाही रे, पोटची पोर," मास्तर म्हणत.

पण त्यांना सर्दीचा त्रास होता. सुगीत खळी लागली, वाऱ्यावर भुसा उडायला लागला की त्यांचं कपाळ भरून यायचं, गाल दुखायचे आणि कानाला दडा बसायचा. मग त्यांचा कारभार सुरू. सकाळी ओव्याचा वाफारा. नाकात कोमट तुपाचे दोन थेंब. निजताना उशाला दोन उशा. शिंकरायचं ते एकेक नाकपुडी मोकळी ठेवून, अगदी हळू. मी एकदा जोरात नाक शिंकरलं तर त्यांनी मला समोर बसवून नाक, घसा आणि कान आतून कसे एका बोळानं जोडलेले आहेत ते तारेच्या फॉर्मच्या पाठीमागं काढून दाखवलं. "हा बोळ उघडा असला की पडद्याच्या आतली हवा आणि बाहेरची हवा सारखी. बंद पडला की पडद्यावर ओझं. गिळलं की बोळ उघडतो. जांभई दिली की उघडतो. नाहीच उघडला तर नाक धरून फुंकायचं, पण फुलावर फुंकावं तसं. आणि सर्दी असली तर फुंकायचंसुद्धा नाही."

हे ज्ञान पुस्तकातलं नव्हतं. ते गंगाखेडचे. लहानपणी गंगेत, म्हणजे गोदावरीत, बुडी मारून तळाची नाणी काढणाऱ्या भोयांकडून ते शिकले होते. स्टेशनच्या विहिरीत एकदा लोखंडी बादली पडली. उन्हाळा असूनही खाली तीन पुरुष पाणी होतं. खंडू लंगोट लावून उतरला, बुडाला, आणि लगेच वर येऊन कान धरून ओरडायला लागला.

"आवं मास्तर, कान फुटायलेत! कुनीतरी सुई घालायलंय आतून!"

मास्तर काठावर मांडी घालून बसले. "ओरडू नकोस. हातभर खाली जा. नाक धर, फुंक. टक् झालं की आणखी हातभर. पुन्हा फुंक. टक् झालं नाही तर वर ये, पुढं जायचं नाही. बादली रेल्वेची आहे, कान तुझ्या आईनं दिलाय."

"आन् पान्यात टक् झालेलं ऐकू येतंय व्हय?"

"तुला नाही तर कुणाला येणार, गाढवा? तुझ्याच डोक्यात होतंय ते!"

खंडूनं तिसऱ्या बुडीला बादली काढली. वर आल्यावर थरथरत म्हणाला, "झालं बरं का टक्. लय ग्वाड लागतंय." पुढं कितीतरी दिवस तो दिसेल त्याला नाक धरून फुंकायला लावायचा.

मास्तरांच्या कानाची आणखी एक गोष्ट मला तेव्हा जादूसारखी वाटे. तारेवरचा माणूस त्यांना हातावरून ओळखू यायचा. निजामाबादला नरसय्या नावाचे तारमास्तर होते. सकाळी पहिली नमस्काराची तार दोघांमध्ये व्हायची. एक दिवस मास्तर म्हणाले, "आज नरसय्याचा हात जड आहे, घरी काहीतरी आहे." दुपारी त्यांनी विचारून घेतलं तर त्याची आई गेली होती. अकरा वर्षांची ही मैत्री, पण दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. मी म्हणालो, "एवढ्याशा अंतरावर आहेत, भेटून या की एकदा." मास्तर हसले. "बघून काय करायचं? मला तो ऐकू येतो."

मलाही तार त्यांनीच शिकवली. महिनाभर मी ठिपके आणि रेघा मोजत बसलो होतो. "मोजू नका बी.ए.," ते म्हणाले. "आईनं हाक मारली तर अक्षरं मोजता का?" त्या एका वाक्यानं मला तार यायला लागली. कॉलेजात मला इतकं नेमकं कुणी काही शिकवलेलं नव्हतं.

त्यांची बायको लवकर वारली होती. एकच मुलगी, वत्सला. ती मद्रासला होती. जावई मनोहरराव विमानतळावरच्या दुरुस्तीच्या कारखान्यात मिस्त्री होते, आणि नवीन सुरू झालेली विमानं हैदराबादहून मद्रासला जायला लागली तशी त्यांची पत्रं विमानांनीच भरलेली येत. मास्तर ती पत्रं दुपारची पॅसेंजर गेल्यावर आम्हाला वाचून दाखवत. एका पत्रात जावयानं लिहिलं होतं की विमान चढताना-उतरताना लोकांचे कान बंद होतात, म्हणून बसणाऱ्यांना कापूस आणि साखरेच्या गोळ्यांची बशी देतात. गोळी चघळावी, सारखं गिळत राहावं. उतरताना झोपू नये, कारण झोपेत माणूस गिळत नाही. सर्दी असेल तर शक्यतो बसूच नये.

मास्तरांना काय आनंद झाला! "बघा! म्हणजे विहिरीत आणि आभाळात कायदा एकच. भोयांना हे ठाऊक होतं." खंडू म्हणाला, "मंग आमच्या बुडीला बी गोळ्या द्या की सरकारातून." त्या दिवशी मास्तरांनी पुडीभर रेवड्या आणवल्या आणि आम्ही तिघांनी फलाटावर बसून विमानात बसायची तालीम केली. खंडू दोन्ही हात पसरून घोंघावत होता आणि मास्तर ओरडत होते, "उतरतंय, उतरतंय, गिळ!"

पुढच्या सुगीत वत्सलाचं बाळंतपण होतं. मुलगा झाल्याची तार आली, आणि आठवड्याभरात दुसरी. त्या वेळी मी टेबलाच्या पलीकडं तिकिटं लावत होतो. मास्तर नेहमीसारखे डोळे मिटून लिहीत होते. मध्येच त्यांनी डोळे उघडले. हात थांबला नाही. शेवटच्या अक्षरापर्यंत त्यांनी ती तार नीट लिहिली, मिळाल्याची पोच दिली, वेळ टाकली, आणि मग कागद माझ्याकडं सरकवला. वत्सलाला बाळंतज्वर, निकडीचं, ताबडतोब निघा, परवाच्या विमानात जागा ठेवली आहे. आपल्या मुलीची ही बातमी त्यांनी एकेक अक्षर करून स्वतःच्या कानानं घेतली होती.

त्या दिवशी त्यांचं नाक चोंदलेलं होतं. कपाळाला सुंठ लावलेली होती. मी म्हणालो, "मास्तर, जावईबापूंनीच लिहिलंय, सर्दीत विमानात बसू नका. रेल्वेनंच जा मद्रासपर्यंत."

"रेल्वेनं दोन दिवस जास्त लागतील. तार निकडीची आहे."

"पण कान..."

"बी.ए., मला ठाऊक आहे ते." एवढंच म्हणाले. या कानावर त्यांची नोकरी होती, आणि नोकरीहून मोठं असं त्यांचं जे काही होतं तेही त्याच कानावर होतं. आम्हा दोघांनाही ते कळत होतं.

खंडूनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मास्तरांनी तो हातानं मागं सारला. "आता वत्सूचं तोंड बघीपर्यंत पाणी नाही. अन्नही नाही. काही नाही." आमच्याकडं अशी अडचण आली की माणसं असं बोलून घेतात, त्यात कुणाला नवल वाटत नाही. खंडूनं तांब्याला हात लावून नमस्कार केला. मीही मनात म्हटलं, देव ऐको. तोंडात काही घालायचं नाही म्हटल्यावर विमानात गिळायचं काय, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि माझ्याही आलं नाही. मी बी.ए. होतो, रेवड्या खाऊन तालीम केलेली होती, तरी आलं नाही.

ते परत आले ते दीड महिन्यानं. वत्सला वाचली होती. आम्ही फलाटावर हार घेऊन उभे होतो. खंडू ओरडला, "मास्तर, आजोबा झालाव की!" मास्तरांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि हसले, पण ते हसणं जरा उशिरा आलं.

विमानातली हकिकत त्यांनी मला एका बैठकीत सांगितली नाही, पुढच्या काही दिवसांत तुकड्या-तुकड्यानं सांगितली. चढताना कान दाटले, पण सोसलं. मद्रास जवळ आलं, विमान खाली जायला लागलं, आणि बशी समोर आली.

"तेव्हा आठवलं मला," मास्तर म्हणाले. "आपण काय बोलून बसलोय ते तेव्हा आठवलं. हात पुढं गेला होता बी.ए., एक गोळी तर घ्यायची होती. मग वाटलं, कानासाठी मोडलं आणि तिकडं पोरीला काही झालं तर? आयुष्यभर तीच गोळी तोंडात राहील. मागं घेतला हात. थुंकी गिळावी तर दीड दिवस पाणी नाही, तोंड कोरडं ठाक. नाक धरून फुंकलं, सर्दीत फुंकू नये हे ठाऊक असून फुंकलं. बोळ उघडला नाही. मग डाव्या कानात पाटी तडकावी तसं झालं आणि दुखणंच थांबलं. शेजारचा माणूस माझ्या मफलरकडं बघायला लागला. तो ओला झाला होता."

दवाखान्यात वत्सला उशाला टेकून बसलेली होती. ताप आदल्याच दिवशी उतरला होता. तिनं आपल्या हातानं बापाला पाणी पाजलं.

"पाणी देताना ती काहीतरी बोलली," मास्तर म्हणाले. "मला ऐकू आलं नाही. विचारलं नाही, तिला वाईट वाटलं असतं. मग निघायच्या दिवशी विचारलं, तेव्हा तू काय म्हणाली होतीस गं? तिला आठवत नाही म्हणते. तेवढं एक ऐकायला पाहिजे होतं."

डावा कान वाहत राहिला. औषधं झाली, लसणाचं तेल झालं, ते घालू नका असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तेही बंद झालं. उजवा कान पहिल्यापासूनच मंद होता, त्याला मोठ्यानं बोललेलं कळे, पण पितळेची ती बारीक कट्ट-कड नाही. मग आम्ही एक व्यवस्था केली. तार पाठवायची मास्तरांनी, कारण हात होता तसाच होता. आलेली घ्यायची मी. स्टेशनमास्तरांना दिसत होतं, पण ते दुसरीकडं बघत. यंत्र वाजलं की खंडू मला कळावं म्हणून बाहेरून खोकायचा आणि मास्तरांना दिसेल असा दारात येऊन उभा राहायचा. असे तीन महिने गेले. मला वाटत होतं, रेल्वेच्या डॉक्टरांकडच्या कानाच्या तपासणीपर्यंत असंच निभावून नेऊ, तोवर कदाचित कान भरून येईल. वाटत होतं म्हणण्यापेक्षा, मला तेच हवं होतं.

एक दिवस दुपारी खंडू सिग्नलकडं गेला होता आणि मी पॅसेंजरला निरोप देऊन फलाटाच्या टोकावरून परत येत होतो. गावातले मारुतराव पाटील सकाळपासून तारेची वाट पाहत ऑफिसच्या दारात बसले होते. त्यांचा भाऊ हैदराबादच्या दवाखान्यात होता. मी लांबूनच ऐकलं, यंत्र वाजत होतं. चुडाव्याला हाक होती, पुन्हा पुन्हा तीच. मी पळत आलो. मास्तर टेबलाशीच होते, यंत्रापासून दोन हातांवर, रजिस्टरवर पट्टी ठेवून सावकाश रेघा आखत. पाटलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ते एकदा यंत्राकडं आणि एकदा मास्तरांकडं बघत होते. शेवटी न राहवून त्यांनी मास्तरांच्या खांद्याला हात लावला.

"मास्तर, ते वाजायलंय की."

मास्तरांनी यंत्राकडं पाहिलं. पट्टी हलत होती. ते उठले आणि खुर्ची माझ्यासाठी मोकळी केली. मी तार घेतली. भाऊ बरा होता. पाटील हात जोडून गेले. मास्तर भिंतीला टेकून उभे होते.

"किती वेळ वाजत होतं?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच लागलं होतं," मी म्हणालो.

"बी.ए., खोटं बोलायचं तर खालच्या आवाजात बोला. मला ऐकू येणार नाही."

मग ते पुन्हा खुर्चीवर बसले आणि किल्लीवर हात ठेवला. मला वाटलं, राहिलेली कुठली तार पाठवतायत. पहिल्या चार शब्दांत मला कळलं. माझा कान कामाला राहिलेला नाही, मला मोकळं करावं. वरच्या कचेरीला ही तार निजामाबादवरून पुढं जायची होती. इतका सुंदर हात मी पुन्हा कधी ऐकला नाही, एकही अक्षर दुसऱ्याला चिकटलं नाही. पाठवून झाल्यावर नरसय्यानं विचारलं, हा अर्ज कुणाचा? मी कागदावर लिहून दाखवलं. मास्तरांनी उत्तर दिलं, माझा.

मग नरसय्या पुन्हा वाजवायला लागला, पण नवशिक्यासाठी वाजवावं तसं, सावकाश, जोरानं. मास्तरांनी यंत्राखालच्या लाकडी फळीवर बोटं टेकवली. मी पेन्सिल उचलली तर त्यांनी मान हलवून मला थांबवलं. बोटांतून त्यांनी ते सगळं घेतलं. उद्या सकाळीही नमस्कार करणार, असं होतं ते. आणि नरसय्यानं तो केला, मास्तर स्टेशनवर होते तितक्या सकाळी केला.

पुढच्या वर्षी निजामाचं राज्य संपलं. मी रेल्वे सोडून शाळेत शिक्षक झालो. मद्रासहून त्यांची दोन पत्रं आली, एकात नातवाचं वर्णन होतं, आणि मग पत्रं थांबली. कधी थांबली तेही माझ्या नीट लक्षात आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

चुडाव्याहून त्यांना न्यायला वत्सलाच आली होती. बापासारखीच किरकोळ, कडेवर चार-पाच महिन्यांचं मूल. सकाळच्या गाडीला अर्धं गाव आलं होतं. खंडू डोळे पुसत सामान चढवत होता आणि ओरडत होता, "मास्तर, मद्रासला लय गर्मी असतीया म्हनं, आता तरी मफलर सोडा!" वत्सला खिडकीशी बसली होती. मूल रडत होतं आणि मास्तर त्याच्याकडं बघून हसत होते, जसं काही ते हसत असावं.

मी खिडकीशी गेलो. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. तुम्ही मला जे दिलं ते, वगैरे. मला मोठ्यानं बोलवेना, आणि हळू बोलून उपयोग नव्हता. मी नुसता त्यांचा हात धरून उभा राहिलो. एवढ्यात ऑफिसातून हाक सुरू झाली. चुडाव्याला बोलावत होते. माझं लक्ष तिकडं गेलं, पण मी हात सोडला नाही. गार्डनं हिरवं निशाण काढलं होतं, अर्ध्या मिनिटाचा प्रश्न होता. मला वाटलं, वाजू दे. एकदा वाजू दे.

मास्तर माझ्या चेहऱ्याकडं बघत होते. त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण मला काय ऐकू येतंय ते त्यांना कळलं. त्यांनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि ऑफिसच्या दाराकडं बोट केलं. मी हललो नाही तसे त्यांच्या कपाळाला आठी पडली, शिकवताना चूक झाली की पडायची तशीच.

मी धावत आत गेलो आणि तार घेतली. नांदेडला कापसासाठी मालगाडीच्या दोन रिकाम्या वाघिणी पाहिजे होत्या. लिहून, पोच देऊन बाहेर आलो तेव्हा गाडी वळणापलीकडं गेली होती आणि खंडू सांधा परत लावत होता.